फळीच्या कोपऱ्यातले नाव

दिनांक १६ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. माझ्या शेडमधल्या लांब टेबलावर भाजी चिरण्याच्या एकवीस फळ्या मांडलेल्या होत्या, आणि त्या एकवीसही फळ्यांवरचे नाव बदलून द्यावे असे मला सांगण्यात आले.

सांगणाऱ्या बाई म्हणजे भागिरथाबाई. त्यांचा मुलगा हरीओम याच्याशी माझ्या मुलीचे, निकिताचे, लग्न ठरले होते आणि त्याला बरोबर दोन आठवडे उरले होते; म्हणजे मी त्यांचा इवाई, व्याही. त्या किन्हीराजाहून जऊळक्याला आमच्या घरी आल्या होत्या, सोबत त्यांचा भाऊ होता. भावाचे वय पन्नाशीच्या पुढे, तरी अख्खे गणगोत त्याला मुन्नामामाच म्हणते. वाशीमला त्याचे ग्रिल आणि लोखंडी फाटके करण्याचे दुकान आहे.

"बदलून द्या म्हंजे?" मी विचारले.

"म्हंजे रंजीता करा," भागिरथाबाई म्हणाल्या. "गुरुजीनं र अक्षर काढलं. आमच्या घरात सून आली का नाव बदलते, इवाई. माह्यं बदललं, माह्या सासूचं बदललं. लगनात ताटातल्या तांदळात एक नाव लिवाचं आन फळीवर दुसरंच, हे कसं दिसन? एकवीस मानाच्या घरी जाऊन राह्यल्या ह्या फळ्या."

मुन्नामामाने एक फळी उचलली आणि ती नंबर प्लेट तपासावी तशी डोळ्यांसमोर धरली.

"निकिता, रंजीता. शेवटचा ता तोच हाये. दोनच अक्षरं बदलाची हायेत, दौलतराव. तुमचं मशीन तं बटन दाबलं का करते ना?"

माझ्या संतापाची सुरुवात या वाक्यापासून झाली. तो संताप योग्य होता की नाही हे वाचकाला ठरवता यावे, म्हणून त्या फळ्या काय होत्या आणि त्यांवर नाव का होते, हे आधी सांगणे आवश्यक आहे.

मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि निवृत्त होईपर्यंत एका सूतगिरणीच्या देखभाल विभागात काम केले. त्या विभागात एक नियम होता, आणि तो मी कधीही मोडला नाही आणि मोडू दिला नाही. ज्याने भाग तयार केला, त्याने त्यावर स्वतःची खूण ठोकायची. भाग बिघडला तर कोणाला विचारायचे हे त्या खुणेवरून कळते, आणि भाग वर्षानुवर्षे चालला तरी तेही तिच्यावरूनच कळते. खूण ही शोभेची वस्तू नव्हे. ती जबाबदारी आहे.

निवृत्तीनंतर मी सुटे भाग मागवून एक छोटे सीएनसी यंत्र जोडले. संगणकावर आकृती काढायची, यंत्राला ती आकडेमोडीच्या रूपात द्यायची, आणि फिरणारे पाते ती आकृती लाकडात कोरते. हौशी माणसासाठी असलेले हे यंत्र दोन फूट लांब, दोन फूट रुंद. गावातले लोक पहिल्या वर्षी त्याला माझे खेळणे म्हणत. निकिताने कृषी पदवी घेतली आणि नोकरीची वाट पाहत घरी बसण्याऐवजी ती या शेडमध्ये आली. आज यंत्रावर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला आहे. हे मी तिचा बाप म्हणून सांगत नाही. मोजपट्टी लावून सांगत आहे.

किन्हीराजाहून मानाच्या घरांना काय द्यायचे याची विचारणा झाली, तेव्हा स्टीलच्या डब्यांना तिने नकार दिला. "मी करते ते देईन," ती म्हणाली. हरीओमला ते आवडले होते. आमच्याकडे बायका अजून पावशीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरतात, पण नव्या घरांतून ओटा आला, ओट्याबरोबर सुरी आली आणि सुरीबरोबर फळीची गरज आली. तिने वाशीमच्या लाकूड कापण्याच्या आरामशीनवरून वाळलेले सागवान आणले, पट्ट्या चिकटवून फळ्या बांधल्या आणि प्रत्येकीवर शिसमाच्या काळसर लाकडात तुरीच्या तीन शेंगा जडवल्या. हे जडावाचे काम आहे, रंगकाम नव्हे. सागवानात उतरत्या कडांचा खळगा कोरायचा. शिसमाच्या तुकड्यावर तीच आकृती उलटी, आरशात दिसते तशी, उठावाने कोरायची. मग सरस लावून उठाव खळग्यात दाबायचा, शिकंजे आवळून दिवसभर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी वरचे जास्तीचे शिसम तासून काढायचे. मागे राहते ती सागवानात रुजलेली शेंग. तिच्यावरून बोट फिरवले तर जोड लागत नाही.

पहिली फळी तयार झाली तेव्हा तिच्यावर फक्त शेंगा होत्या. मीच तिला म्हणालो, "खूण कुठं हाये? फळी उलली तं विचाराचं कोनाले?" तेव्हा तिने खालच्या कोपऱ्यात, चार इंच लांबीत, निकिता हे नाव जडवले. तुरीच्या शेंगांइतकेच खोल. चार मिलिमीटर.

म्हणजे नवरीचे नाव म्हणून ते तिथे नव्हतेच. कारागिराचे नाव होते ते.

हे सर्व मी त्या सकाळी भागिरथाबाईंना सांगितले. बऱ्यापैकी शांतपणे सांगितले, असे माझे मत होते. माझ्या पत्नीचे, सोजरबाईंचे, मत वेगळे आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार माझा आवाज शेजारच्या गोठ्यापर्यंत जात होता.

"ते सारं खरं हाये, इवाई," भागिरथाबाई म्हणाल्या. "पन करनारीन तं तेच ना? नाव बदललं तरी हात तेच."

"हात तेच हायेत, म्हनूनच नाव तेच राहीन," मी म्हणालो. "रंजीता नावाच्या कोन्या बाईनं या शेडमधी पाय ठेवला नाही. तिनं एक पट्टी तासली नाही, एक शिकंजा आवळला नाही. जिनं काम केलं नाही तिची खूण मी कामावर मारनार नाही. हे खोटं होते. गिरणीत असं केलं असतं तं मले घरी पाठवलं असतं."

"अवं बाप्पा! पोरीचं लगन लावून राह्यले का गिरणी चालवून राह्यले?" मुन्नामामा हसला.

निकिता तोवर टेबलाच्या टोकाला शेवटच्या फळीला तेल लावत होती. तिच्या केसांत सागवानाचा भुसा होता. तिने फडके बाजूला ठेवले.

"मावशी, मले कोनी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"काय विचाराचं?"

"नाव बदलाचं का म्हनून."

"आता यात विचाराचं काय?" भागिरथाबाईंना खरोखरच नवल वाटले. त्या दुष्टपणाने बोलत नव्हत्या, हे मला मान्य आहे. पावसाळ्यात छत्री घेताना कोणाची परवानगी लागते का, तसा त्यांचा चेहरा होता. त्यामुळेच माझा राग दुप्पट झाला. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येते. ज्याला यात प्रश्न आहे हेच दिसत नाही, त्याला काय उत्तर द्यायचे?

मी काय बोललो ते सर्व इथे लिहिण्याची आवश्यकता नाही. मुन्नामामाला मी 'लोखंड जाळणारा' म्हणालो, एवढे नोंदवतो. सोजरबाई मध्ये पडल्या. त्यांनी भागिरथाबाईंना हळदीकुंकू लावले, चहा पाजला, आणि वातावरण निवळावे म्हणून टेबलावरची एक फळी पिशवीत घालून मुन्नामामाच्या हातात दिली. "घरी नेऊन पाहा तरी, कशी झाली ते," त्या म्हणाल्या.

"पाहतो ना, ताई," तो म्हणाला. "अक्षर मीच काढून देतो. तुमच्या मशीनले त्रास नको."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

पाहुणे गेल्यावर सोजरबाईंनी दार लावले. "मशीन बंद करा आन डोकंबी बंद करा. पत्रिका वाटून झाल्या. हॉलवाल्याले सांगून झालं."

"पत्रिकेवर काय नाव हाये?" मी विचारले.

"निकिता."

"मंग पत्रिका वाटल्या ते बरंच झालं."

निकिताने हरीओमला फोन लावला. किन्हीराजाला त्याचे बी-बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे. मुलगा शिकलेला आहे, व्यसन नाही, आणि आमच्या मुलीने त्याला स्वतः पसंत केले होते. ती शेडच्या दारात उभी राहून बोलत होती, त्यामुळे तिची बाजू मला ऐकू आली आणि त्याची बाजू तिने नंतर सांगितली. तो म्हणत होता की कागदपत्रे तो काही बदलणार नाही. आधार तेच, पदवी तीच, बँकेत तेच. घरात आई काय म्हणते ते म्हणू दे, त्याने काय बिघडते?

"कागद मले हाक मारत नाही, हरीओम," ती म्हणाली. "मानसं मारतात."

मग तिने फोन खिशात घातला आणि तेलाचे फडके पुन्हा उचलले.

गुरुवारी दुपारी वाशीमहून येणाऱ्या एका ओळखीच्या ऑटोवाल्याने पिशवी आणून दिली. पिशवीत ती फळी होती. ती मी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

मुन्नामामाने तिला ग्राइंडर लावला होता. लोखंडी फाटकाची वेल्डिंग ज्या चक्रीने घासतात, ती चक्री त्याने सागवानावर चालवली होती. खालच्या कोपऱ्यात हाताचा तळवा मावेल एवढा वेडावाकडा खळगा पडला होता. कडा जळून काळ्या झाल्या होत्या. एका शेंगेचे टोक त्यात गेले होते. आणि खळग्याच्या तळाशी नाव होते. बारीक झालेले, रोडावलेले, पण सरळ वाचता येणारे. निकिता.

जडावाच्या कडा उतरत्या असतात, हे वर सांगितले आहे. वरून अक्षर जाड दिसते, खोल जावे तसे ते निमुळते होत जाते, आणि तळाशी त्याची रेघ उरते. मुन्नामामा जितका घासत गेला, तितके नाव बारीक होत गेले. गेले मात्र नाही.

मी फोन लावण्यापूर्वीच त्याचा फोन आला.

"दौलतराव, कोनता रंग मारला जी तुमी? दोन चक्र्या झिजल्या, तरी जाऊन नाही राह्यला! केमिकल हाये का काही?"

"रंग नाही. लाकूड हाये. शिसम."

"लाकूड कसं? लाकूड असतं तं निंगून गेलं असतं ना."

"चार मिलिमीटर खोल हाये. तुमी अडीच घासलं."

"हे पाहा," त्याचा आवाज खाली आला, जणू मला सावध करत होता, "मी आमच्या भागिरथाताईलेबी सांगतलं. एवढा पक्का रंग म्हंजे विषारीच असला पाह्यजे. लोकायनं त्याच्यावर कांदे-टमाटे चिराचे. उद्या कोन्या घरी पोट दुखलं तं नाव कोनाचं येईन?"

"निकिताचं येईन," मी म्हणालो. "लिवलेलंच हाये ना तिथं."

मी फोन आपटला. यापुढे माझ्या रागाचे वर्णन करणे कठीण आहे. साडेतीन दशके मी यंत्रांसोबत काढली. तापलेल्या यंत्राला मी नेहमी बंद करतो, मोकळे सोडतो, मग उघडतो. स्वतःला मी बंद करू शकलो नाही. ज्याला लाकूड आणि रंग यांतला फरक कळत नाही, त्याने माझ्या मुलीचे काम जाळले, आणि जाळूनही नाव निघाले नाही म्हणून तिच्यावर विष कालवल्याचा आळ घेतला. आणि ही बातमी एव्हाना एकवीस घरांत पोचली असणार.

संध्याकाळी मी निकिताला स्पष्ट सांगितले की हे लग्न होणार नाही. मी स्वतः किन्हीराजाला जाऊन सांगून येतो.

ती ती फळी मांडीवर घेऊन बसली होती. खळग्यातून अंगठा फिरवत होती.

"लगन माह्यं हाये का तुमचं?"

"तुह्यं."

"मंग तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा, बाबा. मले माह्याच पुरते."

"तुले राग आला हाये?" मी विचारले, कारण तिचा चेहरा मोजमाप घेताना असतो तसा स्थिर होता.

"लय आला. पन मी तुमच्यावानी फोन आपटत नाही. फोनचे पैसे लागतात." मग ती म्हणाली, "मले हरीओम पाह्यजे. नाव बी पाह्यजे. दोन्ही भेटत असन तं ठीक. नसन भेटत तं मी सांगीन तुमाले, आन तवा तुमी जा किन्हीराजाले."

रविवारी तिने हरीओमला बोलावले. तो मोटारसायकलवर एकटाच आला. मी त्याला बसायला सांगितले नाही. शेडमध्ये एकच खुर्ची आहे, आणि तिच्यावर मी बसलेलो होतो.

निकिताने ती फळी टेबलावर शिकंज्याने घट्ट केली. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरचा एक तुकडा लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

"घास."

"काय?"

"मामानं अर्धं काम केलं. उरलेलं तू कर. नाव पुरं गेलं का सांग. मंग मले रंजीता म्हन. मी ओ देईन. कुरकुर करनार नाही."

तो हसला. त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्याचे हसणे विरले. "निकिता, माह्यं काय चुकलं यात? मी तं म्हनतच नाही नाव बदल म्हनून."

"नको म्हनूनबी म्हनत नाही."

"आई हाये ती. तिले मी काय..."

"घास."

त्याने घासायला सुरुवात केली. आधी उगाच, वरवर. मग, का कोण जाणे, मन लावून. कदाचित त्यालाही ते एकदाचे संपवून टाकायचे असावे. भुसा उडत होता, आधी पिवळट, मग काळपट. त्याच्या कपाळावर घाम आला. मधूनमधून तो फुंकर मारून पाहत होता. नि आणि कि ही अक्षरे दोऱ्याएवढी झाली होती. शिरोरेषा केसासारखी. त्याने बोट ओले करून खळग्यात फिरवले, आणि ओल्या लाकडात ती तीनही अक्षरे पुन्हा ठसठशीत काळी होऊन वर आली.

"अजून हायेच," तो म्हणाला.

"एक मिलिमीटर उरलं," मी म्हणालो. त्या दिवशी त्याच्याशी बोललेले माझे ते पहिले वाक्य.

तो ठोकळा हातात धरून उभा राहिला. त्याने पुन्हा एकदा कागद लाकडावर टेकवला आणि हात पुढे रेटला नाही.

"मले नाही जमत हे."

"जमत नाही का कराचं नाही?" निकिताने विचारले.

बाहेर कोणाची तरी म्हैस हंबरत होती. हरीओमने कागद ठोकळ्यावरून सोडवला, त्याची घडी घातली, आणि ती घडी टेबलावर ठेवली.

"नाही कराचं."

"मले सांगून काय फायदा? मले माह्यं नाव मालूम हाये. घरी सांग. आत्ता."

"आत्ता? फोनवर?"

"फाटकं करनारा मामा फोनवर मले विषारी म्हनू शकते, तं तुले फोनवर एवढं नाही म्हनता येत?"

त्याने फोन लावला. स्पीकर त्यानेच चालू केला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. तिने सांगितले नव्हते.

"आई, तांदळात निकिताच लिवीन मी."

मग भागिरथाबाईंचा आवाज शेडभर झाला. "तुले तिथं बसवून शिकवून राह्यले का ते? तो म्हातारा हाये का बाजूले?"

"बाजूलेच हाये," मी म्हणालो.

"इवाई, तुमी माह्यं पोरगं फोडून राह्यले!"

"मी खुर्चीवर बसून राह्यलो," मी म्हणालो. "घासून तोच राह्यला."

"आई, आयक," हरीओम म्हणाला. "हे मी म्हनून राह्यलो. कोनी शिकवलं नाही. फळीवर रंग नाही. मी घासून पाह्यलं. मामाले सांग, लाकूड हाये."

"माह्या सासूनं माह्यं नाव बदललं तवा मी रडली नाही! घरची रीत हाये! ताटच आननार नाही मी तांदळाचं!"

"नको आनू."

"लोक काय म्हनतीन?"

"निकिता म्हनतीन," तो म्हणाला.

फोन तिकडून बंद झाला. हरीओम घामाने भिजला होता. सोजरबाई दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळले नाही. त्यांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी तो हरीओमला दिला आणि त्याच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही.

"मले सोजर यायच्या आईनं केलं," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. " मी होऊन घेतलं. हिले नाही व्हायचं, तं नाही. बिस्कूट खातं का?"

मी खुर्चीवरून उठलो आणि ती हरीओमकडे सरकवली.

फळीचा प्रश्न उरला होता. मोडलेला नग बदलून देणे हा माझा नियम आहे, म्हणून मी नवीन फळी बांधायला घेतली. निकिताने माझ्या हातातून पट्ट्या काढून घेतल्या.

"मुन्नामामाच्या घरची फळी हेच राहीन," ती म्हणाली. "त्यायनंच घासली ना? त्यायलेच देऊ."

तिने जळलेल्या कडा साफ केल्या, खळग्यातून पॉलिश पेपर फिरवून तो गुळगुळीत केला, आणि तेल लावले. तेल लागल्यावर केसासारखे ते नाव पुन्हा स्पष्ट दिसू लागले.

दोन मार्चला लग्न झाले. तांदळाचे ताट आले. पाचशे माणसांसमोर ते न आणण्याची भागिरथाबाईंची तयारी झाली नसावी. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि माझी मूठ आवळलेली होती. ताटातले तांदूळ सारखे केले गेले. हरीओमने अंगठी बोटातून काढली, तिच्या कडेने तांदळात लिहायला सुरुवात केली, आणि पहिले अक्षर त्याला पुसून दुसऱ्यांदा लिहावे लागले. गुरुजी वाचायला वाकले. वाचून ते सरळ झाले, आणि त्यांनी भागिरथाबाईंकडे पाहिले. भागिरथाबाई मांडवाच्या छताकडे पाहत होत्या.

"निकिता," गुरुजींनी मोठ्याने वाचले.

पेढे वाटले गेले. एकवीस घरांच्या एकवीस पिशव्या दिल्या गेल्या. प्रत्येक पिशवीत फळी होती आणि सोबत मी छापून घेतलेली एक चिठ्ठी: हे लाकूड आहे, रंग नाही, उन्हात ठेवू नये, महिन्यातून एकदा तेल लावावे.

माझा राग गेला, असे कोणी समजू नये. भागिरथाबाई आजही तिला निकिता म्हणत नाहीत. रंजीताही म्हणत नाहीत. 'अवं' म्हणून हाक मारतात, आणि घरात त्यांच्याखेरीज तीन बायका असल्यामुळे तिघीही ओ देतात. त्यांची फळी ओट्यावर आहे, रोज वापरात आहे, पण नाव खाली करून. पालथ्या बाजूवर त्या कांदा चिरतात. निकिताने यावर फक्त एवढेच म्हटले की पालथ्या बाजूलाही तेल लावायला हवे. मुन्नामामाने आपली फळी दुकानात नेली. तिच्यातल्या खळग्यात तो नट-बोल्ट ठेवतो, असे हरीओम सांगतो. लाकूड विषारी असल्याचे तो आता म्हणत नाही. ग्राइंडरची चक्री नकली निघाली, असे म्हणतो. हे ऐकून मी पुन्हा दोन दिवस जेवताना बोललो नाही.

यंत्र आता किन्हीराजाला आहे, हरीओमच्या दुकानामागच्या खोलीत. ते मीच सुटे करून नेले आणि तिथे पुन्हा जोडले. भागिरथाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी मला चहा दिला, आणि मी तो घेतला.

फळ्या दिल्या एकवीस. विषाच्या भीतीने परत आल्या चार.